पेशींची मोजदाद

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाच्या पातळ कापात त्यास पोळ्यासारखी घरे दिसली व त्यांना त्याने 'सेल' हे नाव दिले, एवढी हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. परंतु हूक तेथेच थांबला नव्हता. त्याने ती घरे मोजली. इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६० घरे ओळीने बसत. म्हणजे एका इंचात ६० × १८ = १,०८०; चौरस इंचात त्याचा वर्ग, ११,६६,४००; आणि घन इंचात १,२५,९७,१२,०००! सव्वाशे कोटींहून अधिक पेशी, आणि त्यासाठी मोजाव्या लागल्या अवघ्या साठ.

मात्र या गुणाकारात एक गृहीत दडलेले आहे: पेशीची लांबी, रुंदी व जाडी सारखीच असते. बुचाच्या पेशी पेटीसारख्या असल्याने अंदाजापुरते ते चालून जाते. कांद्याच्या पापुद्र्याला तोच न्याय लावला की फसगत होते. समजा, मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि दृष्टिक्षेत्राचा व्यास १.८ मिलिमीटर भरला. त्या व्यासावर लांबीच्या दिशेने ६ व रुंदीच्या दिशेने २४ पेशी बसल्या. तेव्हा पेशीची लांबी ०.३ व रुंदी ०.०७५ मिलिमीटर झाली. केवळ लांबी घेऊन वर्ग करणारा विद्यार्थी चौरस मिलिमीटरमध्ये ११.१ पेशी सांगेल. दोन्ही मापे घेणाऱ्यास ४४.४ मिळतील. आकडेमोड दोघांचीही बिनचूक. पण पहिल्याने पेशीकडे नीट पाहिलेच नाही.

दुसरी चूक याहून नेहमीची. १०० पट वर्धनाऐवजी ४०० पट वर्धन केले, तर दृष्टिक्षेत्रात किती पेशी दिसतील? आधीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २.५४ चौरस मिलिमीटर. त्यात सुमारे ११३ पेशी होत्या. त्यास ४ ने भागून २८ हे उत्तर लिहिण्याचा मोह होतो. परंतु व्यास चौपटीने घटला की क्षेत्रफळ सोळापटीने घटते. म्हणून पेशी दिसतात जेमतेम ७. आकृती मोठी झाली, तसे दृश्य आखूड झाले, हे यंत्राशी एकदा बसून पाहिले म्हणजे सूत्र पाठ करावे लागत नाही.

प्रत्यक्ष मोजताना वर्तुळाच्या कडेला कापल्या गेलेल्या पेशींचा घोळ होतो. प्रत्येक कापलेली पेशी अर्धी धरावी आणि पापुद्रा सरकवून निदान तीन ठिकाणची सरासरी काढावी.