सवलतीचा प्रवास दाखल्यापासून

एसटीत वयाची सवलत दोन टप्प्यांत मिळते. 65 वर्षे पूर्ण झालेल्यांना तिकीट अर्धे, तर 75 पूर्ण झालेल्यांना पूर्ण माफ. पूर्ण माफीची ही सोय म्हणजे ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेली ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’. तिच्यासाठी कुठेही अर्ज करावा लागत नाही. आधार, पॅन किंवा पासपोर्ट दाखवले की वाहक जन्मतारीख पाहतो, मशीनवर बटणे दाबतो आणि शून्य रुपयांचे तिकीट हातात देतो. पैसे द्यायचे नाहीत म्हणून तिकीट घ्यायचे टाळू नये. सवलतीच्या रकमेची भरपाई राज्य सरकार एसटीला देते, ती याच तिकिटांच्या हिशोबावर. शहर बससेवेला योजना लागू नाही आणि सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. कोल्हापूरहून बेळगावला निघालेल्या आजोबांना हद्दीपुढचे भाडे भरावेच लागते.

अडते ते बहुधा तारखेपाशी. जुन्या पिढीत अनेकांच्या जन्माची नोंदच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिली, तीच पुढे कायम झाली. खरे वय 76 असले तरी वाहक कार्डावरचेच वय धरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पुराव्याचा कागद हाताशी असेल तर आधार केंद्रावर तारीख आधी दुरुस्त करून घ्यावी.

दिव्यांगांची वाट मात्र लांबची आहे. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज भरायचा, नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची, मग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. त्यावरचा टक्का महत्त्वाचा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर साध्या एसटीत भाड्यात 75 टक्के सूट मिळते. 65 टक्क्यांपासून पुढे सोबत्यालाही निम्मे भाडे पडते.

रेल्वेत नुसत्या टक्क्याने भागत नाही. पूर्ण अंध, मतिमंद, एकाच वेळी मूक व बधिर, आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, एवढ्याच चार गटांना दिव्यांग म्हणून सवलत आहे. 21 प्रकार मान्य करणाऱ्या कायद्यानंतरही ही यादी एवढी आखूड राहावी, हे अन्यायाचेच आहे. ज्येष्ठांची सवलत तर मार्च 2020 मध्ये बंदच झाली. तोवर 60 वर्षांवरील पुरुषांना 40 आणि 58 वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के सूट होती.

रेल्वेच्या सवलतीसाठी सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र रेल्वेने ठरवलेल्या नमुन्यातच लागते. त्याआधारे रेल्वेचे ओळखपत्र काढले की ऑनलाइन तिकिटावरही सूट मिळते. अस्थिव्यंगांच्या प्रमाणपत्रात ‘सोबत्याच्या मदतीशिवाय प्रवास करू शकत नाही’ हा उल्लेख नसेल, तर टक्का कितीही असो, अर्ज परत येतो. तेव्हा सही-शिक्का झाल्यावर रुग्णालयातून निघण्याआधी ती ओळ स्वतः वाचून घ्यावी, किंवा कुणाकडून तरी वाचून घ्यावी.