बिग बेनच्या जागी कोंबडा

लंडनचं बिग बेन घड्याळ आजवर असंख्य चित्रकारांनी रंगवलं. पण त्या घड्याळात कोंबड्याचा डोळा दिसला तो भज्जू श्याम यांना. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं पाटणगढ हे त्यांचं गाव. गावात वेळ कोंबडा सांगतो, लंडनमध्ये बिग बेन. मग दोघांना एकाच चित्रात बसवलं तर बिघडलं कुठे?

हे चित्र काढणाऱ्या माणसाने त्याआधी भोपाळमध्ये रात्रीचा वॉचमन म्हणून काठी आपटली होती, विजेच्या वायरीही जोडल्या होत्या.

भज्जू यांचा जन्म १९७१चा, परधान गोंडाच्या घरातला. विदर्भातल्या वाचकांना परधान हे नाव नवं नाही. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या दारी जायचं, बडादेवाची आणि पूर्वजांची गाणी गायची आणि मिळेल ते दान घेऊन पुढच्या दारी निघायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. काळ बदलला, दान देणारे यजमान कमी झाले आणि बान्याच्या जोरावर पोट भरेना. गोष्टी मात्र डोक्यात शिल्लक होत्या.

चित्रं होती ती घरातल्या बायकांकडे. सणावाराला, लग्नकार्याला भिंत सारवायची आणि तिच्यावर पांढऱ्या, पिवळ्या, काळ्या मातीने आणि गेरूने नक्षी काढायची. या नक्षीला तिकडे डिगना म्हणतात. भज्जूंची आईही भिंत रंगवायची. तिचा हात पोचायचा नाही तो भाग लेकाकडे यायचा. कलाशिक्षण म्हणायचं तर एवढंच.

घरात गरिबी. सोळाव्या वर्षी पोरगा बाहेर पडला. आधी अमरकंटकला रोपं लावायचं काम मिळालं, मग भोपाळ. भोपाळमध्ये त्यांचे काका जनगडसिंह श्याम होते आणि तिथेच त्यांच्या नशिबाला वळण लागलं.

जनगड यांच्याविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण कागदावरचं गोंड चित्र त्यांच्यापासून सुरू होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनसाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी गावोगावचे कलावंत शोधायला माणसं पाठवली. पाटणगढच्या भिंतीवर त्यांना जनगड सापडले. भोपाळला आलेल्या या तरुणाने गावच्या देवांना पहिल्यांदा कागदावर उतरवलं. ठिपके, रेघा आणि झगझगीत रंग घेऊन ते भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंतींपर्यंत गेले. १९८९ साली पॅरिसमधल्या गाजलेल्या ‘मॅजिसियन्स द ला तेर’ प्रदर्शनात ते होते. त्याच प्रदर्शनात आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशेही होते.

१९९३ साली भज्जू काकांच्या हाताखाली आले. काकांनी रेघा काढायच्या, पुतण्याने त्या भरायच्या. काम बघून काकांनीच त्यांना स्वतःची चित्रं काढायला सांगितलं. १९९८ साली पॅरिसमधल्या एका समूह प्रदर्शनात भज्जूंची चित्रं लागली. आणि २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना जनगड यांनी आपलं आयुष्य संपवलं. भोपाळमधल्या सगळ्या परधान कलावंतांच्या डोक्यावरचं छप्परच गेलं.

त्यानंतरच्याच वर्षी भज्जूंना लंडनचं बोलावणं आलं. इस्लिंग्टन भागातल्या ‘मसाला झोन’ या भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायच्या होत्या. सोबत रामसिंह उर्वेती. इंग्रजी येत नाही, जेवण वेगळं, हवा वेगळी. दोन महिने दोघं भिंतीसमोर उभे राहिले. काम चोख झालं. पण समोसा खायला आलेल्या किती जणांनी भिंत रंगवणाऱ्याचं नाव विचारलं असेल? जगभर आदिवासी कलावंताच्या वाट्याला बहुधा हेच येतं. भिंत सजते, सजवणारा ‘कारागीर’ म्हणून विसरला जातो.

भज्जूंच्या बाबतीत तसं झालं नाही, याचं कारण एक पुस्तक.

लंडनहून परतल्यावर ते चेन्नईच्या तारा बुक्समध्ये गीता वुल्फ आणि सिरीश राव यांना प्रवासाचे किस्से सांगू लागले. त्यातून २००४ साली ‘द लंडन जंगल बुक’ आलं. विमान म्हणजे आकाशात उडालेला हत्ती, कारण एवढं अवजड धूड उडतं यावर विश्वास बसेना. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. रोज इमानाने कामावर नेणारी ३० नंबरची बस म्हणजे कुत्रा. आणि संध्याकाळ झाली की पबकडे धावणारे इंग्रज? वटवाघळं!

यातली गंमत नीट समजून घ्यायला हवी. रडयार्ड किपलिंगने १८९४ साली ‘जंगल बुक’ छापलं, त्यातला मोगली वाढला तो सिवनीच्या डोंगरात, म्हणजे मध्य प्रदेशातच. दुसरा इंग्रज व्हेरिअर एल्विन. तो तर पाटणगढलाच येऊन राहिला आणि गोंडांवर पुस्तकं लिहून गेला. भज्जूंच्या आजोबांनी त्याच्याकडे नोकरी केली होती. दोन पिढ्यांनंतर नातू इंग्रजांच्या गावात गेला, त्यांचं निरीक्षण केलं आणि पुस्तक काढलं. फिटंफाट! आणि त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून पहिलं नाव भज्जू श्याम यांचं आहे. रेस्टॉरंटच्या भिंतीने जे दिलं नव्हतं ते इथे मिळालं.

पुढचं काम आणखी देखणं आहे. २००६चं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे भज्जू, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती या तिघांचं. काळ्या हातकागदावर सिल्कस्क्रीनने एकेक पान हाताने छापलेलं. रात्री झाडांचं खरं रूप उजळतं, या गोंड समजुतीवर सगळं पुस्तक उभं आहे. २००८ साली त्याला बोलोन्याचा मानाचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. (यातल्याच दुर्गाबाईंनी पती सुभाष यांच्यासह नंतर ‘भीमायन’ चितारलं, बाबासाहेबांचं चित्रचरित्र. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात असावं असं ते पुस्तक आहे.) मग सृष्टीच्या जन्मकथा सांगणारं ‘क्रिएशन’ आलं, आणि २०१८ साली पद्मश्री.

या मंडळींची चित्रं वरवर सारखी वाटतात, पण बारकाईने पाहा. आकृतीच्या आत जे भरण असतं, ते प्रत्येकाचं वेगळं. कुणाचे ठिपके, कुणाच्या साखळ्या, कुणाच्या चंद्रकोरी. कलावंत ते स्वतः शोधतो आणि तीच त्याची सही. दुसऱ्याची सही उचलायची नाही, हा या समाजाचा अलिखित कायदा.

बाजाराला मात्र तो मान्य नाही. मग, टी-शर्ट, चादरी यांच्यावर गोंड हरणं आणि मोर मशीनने छापले जातात आणि त्याखाली कुणाचंच नाव नसतं. २०२३ साली दिंडोरीच्या गोंड चित्रकलेला जीआय मानांकन मिळालं, हे चांगलंच झालं. पण त्याने प्रदेशाचं नाव जपलं जातं. एकट्या चित्रकाराची सही त्यात येत नाही. ती लढाई ज्याची त्याला लढायची आहे.

अलीकडच्या एका पुस्तकात भज्जू पुन्हा घरी गेले आहेत. ‘ओरिजिन्स ऑफ आर्ट’ नावाच्या या पुस्तकात जपानी छायाचित्रकार कोदाई मात्सुओका यांच्या कॅमेऱ्यातून पाटणगढ दिसतं. मातीची घरं, अंगणं आणि डिगना काढलेल्या भिंती. ही नक्षी फार टिकत नाही. सण आला की भिंत पुन्हा सारवली जाते, जुनी नक्षी शेणामातीखाली जाते आणि घरातली बाई वाटीत गेरू कालवून पुन्हा खाली बसते.