चावी सगळ्यात शेवटी: वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी पुन्हा सुरू करताना

(हा एपिसोडचा लिखित अवतार. गॅरेजमध्ये हात काळे झालेले असताना ऑडिओ मागे-पुढे करणं जमत नाही, म्हणून वेळेसकट देतोय. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे काढलेत.)

[००:००] प्रश्न काय आहे?

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. सातारा जिल्ह्यातलं गाव, पत्र्याची शेड, त्यात आजोबांची प्रीमियर पद्मिनी. नऊ वर्षं जागची हललेली नाही. दिवाळीला सगळे घरी जमणार आहेत, तेव्हा ती सुरू करून आजोबांना सरप्राइज द्यायचंय. मेसेजचं शेवटचं वाक्य असं: "नवी बॅटरी आणलीये, लावून सेल्फ मारू का?"

उत्तर एका शब्दात: नको.

सविस्तर उत्तर म्हणजे हा एपिसोड. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: नऊ वर्षं उभं राहून इंजिनाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान घाईने मारलेल्या पहिल्या दहा सेकंदांच्या सेल्फने होऊ शकतं.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, आणि कॉम्प्युटर शून्य. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण सगळं डोळ्यांना दिसतं. पण तोटाही तोच. तुम्ही काही उलटसुलट केलंत तर 'एरर' दाखवून थांबवणारं कोणी नाही. थेट लोखंड वाकतं.

[०१:४०] उभ्या गाडीच्या आत काय चालू असतं

गाडी चालते तेव्हा ऑइलचा पातळ थर पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीच्या मध्ये असतो. गाडी उभी राहिली की ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं आणि भिंत कोरडी पडते. त्यात चार सिलिंडरचं इंजिन कुठल्याही स्थितीत थांबलं तरी एखाद-दुसरा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून दर पावसाळ्यात दमट हवा आत जाते. भिंतीवर गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटतात.

पेट्रोलचंही तसंच. त्यातला हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते. ती कार्बोरेटरच्या केसाएवढ्या जेटमध्ये जाऊन बसते. शिवाय पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकी आतून गंजायला लागते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. वीस वर्षं रोज ट्रॅफिकमध्ये घासूनही ही इंजिनं टिकली, कारण ती रोज फिरत होती. या इंजिनाला काम मारत नाही, बसून राहणं मारतं.

[०३:२०] आधी फक्त बघा

बॅटरी बाजूला ठेवा. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि अर्धा तास नुसतं बघा.

उंदरांनी वायरी कुरतडल्यात का? एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का? सायलेन्सरच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का? गावाकडच्या शेडमध्ये हे सर्रास सापडतं. हात घालायच्या आधी काठीने ठोकून घ्या, बॉनेटखाली सापही निघतात. सीटखाली, चाकांच्या आत, सगळीकडे बघा.

मग इंजिन ऑइलची पट्टी काढा. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर त्यात पाणी आहे. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. पद्मिनीचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो, त्यामुळे पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं.

दिसायला चांगलं असलं तरी जुनं ऑइल काढूनच टाका. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी असतं आणि नट उघडल्यावर आधी तेच बाहेर येतं. नवीन फिल्टर आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असं साधं, जाडसर ऑइल भरा. महागडं पातळ सिंथेटिक इथे नको.

[०४:५०] हाताने फिरवा (हा एपिसोडचा मुख्य भाग आहे)

आता स्पार्क प्लग काढायचे. वायरींना आधी १, २, ३, ४ अशी चिकटपट्टी लावा आणि मोबाईलवर फोटो काढा. क्रम बदलला तर नंतर दोन दिवस डोकं खाजवत बसाल. प्लग काढायच्या आधी त्यांच्या खड्ड्यांमधली धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

प्रत्येक भोकातून एक-दोन चमचे पातळ ऑइल सोडा. गंज सैल करणारं ऑइल मिळतं, ते उत्तम. दोन चमचे म्हणजे दोनच चमचे. मग एक-दोन दिवस गाडीला हात लावू नका. ऑइलला रिंगांपर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि त्याला शॉर्टकट नाही.

यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हाताने फिरवायचं. पुढच्या पुलीच्या मधल्या नटाला लांब पाना लावा आणि समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळू फिरवा. पाना बसत नसेल तर सपाट जागेवर चौथा गिअर टाकून गाडी हातभर ढकला. प्लग काढलेले असल्याने इंजिन सहज फिरायला हवं.

अडलं तर? थांबायचं. पान्याला पाइप जोडून जोर लावायचा नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून 'धक्का स्टार्ट' तर अजिबात नाही. पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा दोन दिवस थांबा, मग हलकेच पुढे-मागे करा. आठ-दहा दिवसांनीही ढिम्म हललं नाही, तर हेड उघडण्याचं काम आहे. अनुभवी मिस्त्रीला बोलवा.

फिरलं तरी हुरळून जाऊ नका. वरचं टॅपेट कव्हर उघडा. आत आठ व्हॉल्व्ह दिसतील. इंजिनाचे पूर्ण दोन फेरे द्या. त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा खाली जाऊन वर यायला हवा. एखादा खाली गेला आणि तिथेच राहिला, तर तो गंजून अडकलाय. सेल्फने तेच इंजिन झटक्यात फिरलं असतं, तर पिस्टन त्याच्यावर आदळू शकला असता किंवा पुशरॉड वाकला असता. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्याला ऑइल द्या, हलकं टकटक करा आणि मोकळा होईपर्यंत पुढे जाऊ नका.

प्लग काढूनच का फिरवायचं? कारण हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साचलेलं असेल आणि प्लग बंद असतील, तर वर येणारा पिस्टन त्या द्रवावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग नसतील तर तेच पाणी भोकातून बाहेर उडतं. तोंड तेवढं भोकासमोर धरू नका.

[०७:३०] पेट्रोल: जुनं सगळं बाहेर

टाकीतलं पेट्रोल काढा. जुन्या वार्निशसारखा वास येत असेल तर ते कामातून गेलंय. गटारात ओतू नका, बाईकमध्येही टाकू नका. पत्र्याच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

रबरी पाइप सगळे बदला. वरून ठीक वाटले तरी बदला. हल्ली पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ताजं पेट्रोल गेलं की ते फुगतं, चिरतं आणि गरम इंजिनावर ठिबकायला लागतं. दुकानात इथेनॉलला चालणारा पाइप असं सांगूनच घ्या, क्लिप नव्या लावा. पंपाचा पडदाही नवा टाका.

कार्बोरेटर उघडून जेट साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. पहिल्या स्टार्टसाठी टाकी वापरायची गरजच नाही. स्वच्छ कॅनमध्ये दोन लिटर ताजं पेट्रोल घ्या आणि पंपाचा पाइप त्यात सोडा. कॅन इंजिनापासून लांब, जमिनीवर आणि घट्ट उभा ठेवा. म्हणजे टाकीतला गंज साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये येणार नाही.

[०९:००] पाणी आणि ठिणगी

रेडिएटरमध्ये आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं जायचं. आता त्याचा लाल चिखल झालेला असतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि मग कूलंट भरा. होज पाइप दाबून बघा. कडक झाला असेल किंवा चिरा दिसल्या तर बदला. फॅन बेल्टचंही तेच.

ठिणगीचं काम डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट करतात. इतक्या वर्षांत त्यांच्यावर गंजाची पातळ साय येते आणि करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, गॅप मोजून लावा. नव्वद टक्के 'ठिणगीच येत नाही' वाल्या तक्रारी इथेच मिटतात असं गॅरेजवाले म्हणतात. टक्केवारी त्यांची, पण सल्ला बरोबर आहे. ठिणगी तपासायची ती कॅनचा पाइप जोडायच्या आधी, आणि प्लगच्या उघड्या भोकांपासून लांब.

[१०:१०] सेल्फ मारा, पण प्लगशिवाय

आता बॅटरी. पूर्ण चार्ज, म्हणजे मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट. अर्थचं टर्मिनल एका हाताने झटकन निघेल असं ठेवा.

प्लग अजून बाहेरच आहेत. कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. पेट्रोल अजून जोडायचं नाही. मग सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मग एक मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फची मोटर जळते. हे कशासाठी? नवीन ऑइल पंपातून बेअरिंगपर्यंत चढावं म्हणून. ऑइलचा लाल दिवा विझला की समजायचं, प्रेशर आलं. चार-पाच वेळा करूनही विझला नाही तर इंजिन सुरू करायचंच नाही. आधी कारण शोधायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ड्राय रन म्हणतो. खरा लोड टाकायच्या आधी सिस्टिम रिकामी फिरवून बघायची.

[११:१५] आता चावी

गाडी शेडबाहेर ढकला. दार उघडं ठेवणं पुरेसं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद जागेत माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो आणि जीव जातो. चाकांना दगड लावा, कारण नऊ वर्षांनंतर ब्रेकवर आणि हँडब्रेकवर विश्वास नाही. पेट्रोलच्या आगीला चालणारं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. लहान मुलं लांब.

दोन माणसं हवीत. एक चावीवर, दुसरा इंजिनाजवळ. त्याने "बंद!" म्हटलं की चावी लगेच बंद, चर्चा नंतर.

प्लग आणि कॉइलची वायर जागेवर लावा, पेट्रोल जोडा, एअर फिल्टर बसवा, चोक ओढा. कोणीतरी सल्ला देईलच, "झाकणभर पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ओत, झटक्यात लागेल." नका ओतू. इंजिनाने उलटा फटाका मारला तर ज्वाला त्याच तोंडातून बाहेर येते आणि ओतणाऱ्याचा चेहरा बरोबर वर असतो. थोडा धीर धरा, पंप पेट्रोल खेचून आणतो.

पाच-सहा प्रयत्नांत लागलं नाही तर थांबा आणि ठिणगी, पेट्रोल, हवा या क्रमाने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं, ते कधीच कळत नाही.

[१२:४५] लागली! पुढे काय?

ओरडा, व्हिडिओ काढा, पण रेस देऊ नका. पहिली नजर ऑइलच्या दिव्यावर. काही सेकंदांत विझला नाही तर बंद. सुरुवातीला निळा धूर येईल, ते आपणच सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळतंय. काही मिनिटांत तो कमी व्हायला हवा. पांढरा धूर गरम झाल्यावरही दाट राहिला, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय.

इंजिनाजवळचा माणूस पेट्रोल कुठे ठिबकतंय का ते बघत राहील. टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवून दहा-पंधरा मिनिटं शांत चालू द्या, मग बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. थंड झालं की हे ऑइल पुन्हा बदला. आतला सगळा गंज आणि गाळ आता त्यात उतरलाय.

आणि मंडळी, इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी चालवायला तयार झाली असं नाही. ब्रेक ऑइल पाणी धरतं, चाकांमधले सिलिंडर गंजतात, टायर आतून कडक होतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा. १४१३ म्हणजे २०१३ सालचा चौदावा आठवडा. आरसी, विमा आणि पीयूसीची मुदतही तपासा. तोवर गाडी अंगणातच.

[१४:००] स्क्रीनशॉटसाठी

१. बघा, उंदीर-घरटी साफ करा.
२. ऑइल आणि फिल्टर बदला.
३. प्लग काढा, ऑइल सोडा, दोन दिवस थांबा.
४. हाताने फिरवा, आठही व्हॉल्व्ह बघा.
५. पेट्रोल, पाइप, कार्बोरेटर, पाणी, पॉइंट.
६. प्लगशिवाय सेल्फ, ऑइलचं प्रेशर.
७. मोकळ्या हवेत, दोन माणसं, मग चावी.

घाई न करता हे सगळं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दिवाळीची तारीख धरून मागे मोजा आणि आजच सुरुवात करा. आणखी एक: सरप्राइज थोडं आधी फोडलंत तरी चालेल. गाडी शेवटची कधी चालली होती, तेव्हा काय बिघडलं होतं, ती का उभी केली, हे आजोबांइतकं कोणालाच माहीत नाही. ती माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसते.

पुढच्या एपिसोडमध्ये याच गाडीचे ब्रेक. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया!