मॅगझिनवाली १२ बोअर बंदूक अडकते कुठे आणि का?

"एक गावठी पिस्तूल, एक मॅगझिन आणि दोन जिवंत काडतुसं जप्त." जळगाव-धुळ्याच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांना हे वाक्य आता पाठ झालं असेल. चोपडा असो की शिरपूर, सातपुड्याच्या पायथ्याची पोलीस कारवाई म्हटली की बातमीत ही तीन नावं ओळीनं येतात. मीही अशा बातम्या लिहिल्या आहेत. पण मॅगझिन म्हणजे 'गोळ्या भरायचा डबा' यापलीकडे कधी विचार केला नव्हता.

हा डबा वाटतो तितका साधा नाही. बंदूक ऐनवेळी चालली नाही, तर त्यामागे अनेकदा हाच डबा असतो. त्यातही १२ बोअरच्या, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीला मॅगझिन लावलं की अडचणी वाढतात.

हा प्रश्न कुणाचा? बेकायदा कट्टे बाळगणाऱ्यांचा सोडून द्या. बँकेच्या दारात किंवा एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाडीजवळ उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाकडे पाहा. त्याच्या हातात बहुतेक वेळा १२ बोअर असते. रानडुकरांपासून पीक वाचवायला परवाना घेतलेल्या शेतकऱ्याकडेही तीच. या बंदुका वर्षानुवर्षं खांद्यावर किंवा कपाटात असतात आणि क्वचितच उडवल्या जातात. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची आणि एका वेळी किती जवळ ठेवायची याचा आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे सराव कमीच. बंदुकीत दोष आहे हे कळण्याची पहिली वेळ तीच, जेव्हा तिची खरोखर गरज पडते.

वरणगावचं काडतूस आणि बँकेतलं काडतूस

दोष समजून घ्यायचा तर आधी काडतूस पाहावं लागेल. त्यासाठी खानदेशातून बाहेर जायची गरज नाही. भुसावळजवळच्या वरणगावला १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात हा कारखाना उभा राहिला. सैन्याच्या रायफलींची ७.६२ आणि ५.५६ मिमीची काडतुसं इथं बनतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेलं. आजूबाजूच्या गावांसाठी मात्र ती अजूनही 'फॅक्टरी'च आहे.

वरणगावचं रायफलचं काडतूस डोळ्यांसमोर आणा. पितळेचं, कडक, पुढे निमुळतं, टोकाला गोळी. बुडाची कड अंगाच्या जाडीइतकीच, बाहेर आलेली नाही. एकावर एक रचली तरी ती गुळगुळीत सरकतात. पुढचं टोक अणकुचीदार असल्यामुळे नळीच्या तोंडात आपोआप वाट काढतं. म्हणजे हे काडतूस मॅगझिनमध्ये राहण्यासाठीच घडवलेलं आहे.

आता १२ बोअरचं काडतूस घ्या. आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं 'शक्तिमान' हे नाव परवानाधारकांच्या ओळखीचं. या प्रकारच्या काडतुसाचं अंग प्लास्टिकचं आणि फक्त बूड धातूचं असतं. पुढचं तोंड घडी घालून बंद केलेलं, त्यामुळे सपाट. जाडी वरपासून खालपर्यंत सारखी. आणि बुडाला बाहेर आलेली ठळक कड. (१२ बोअर हे नाव कुठून आलं? एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती १२ बोअर. व्यास साधारण १८.५ मिमी. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी.)

हे काडतूस मुळात हातानं नळीत ठेवण्यासाठी जन्मलं. डबल बारची बंदूक मोडायची, दोन काडतुसं ठेवायची, बंद करायची. तिथं बाहेर आलेली कड फायद्याची, कारण तिच्यामुळे काडतूस नळीत आत घसरत नाही. मॅगझिनमध्ये तीच कड शत्रू होते.

पंप अॅक्शन बंदुकीत नळीखाली दुसरी एक नळी असते आणि काडतुसं तिच्यात आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक राहतात. तिथं कड कडेत अडकत नाही. पण काढता-घालता येणारं पेटीसारखं मॅगझिन भरायला सोयीचं, म्हणून अशाही १२ बोअर बंदुका आल्या. रशियाची कलाश्निकोव्हच्या धर्तीवरची 'सायगा-१२' ही त्यातली जगभर माहीत असलेली. या पेटीत काडतुसं एकावर एक बसतात. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की पुढे सरकताना ते खालच्यालाही ओढू लागतं. दोन्ही तिथंच अडकतात. पोलिसांच्या जुन्या 'थ्री नॉट थ्री' रायफलीच्या काडतुसालाही अशीच कड होती. त्यामुळे भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढेच राहील हे शिपायांना शिकवलं जायचं.

बँकांमधले बरेच रक्षक माजी सैनिक असतात. त्यांचा हात रायफलवर बसलेला असतो. मॅगझिन गच्च भरा, ठोकून बसवा, चालवा ही ती सवय. १२ बोअरला ती मानवत नाही.

अडकली म्हणजे नेमकं काय झालं?

"बंदूक अडकली" हे वाक्य "गाडी बंद पडली"सारखं आहे. मेकॅनिक विचारतो, सेल्फ फिरतोय का? इथंही पहिला प्रश्न तोच: काडतूस वाटेत कुठे थांबलं?

वर आलंच नाही, म्हणजे बोल्ट रिकामा पुढे गेला, तर मॅगझिनकडे पाहा. ते पूर्ण बसलेलं नसतं, स्प्रिंग थकलेली असते किंवा आत धूळ-तेलाचा चिखल झालेला असतो. गच्च भरलेलं मॅगझिन बंद बोल्टखाली बसवताना हे हमखास होतं. वरचं काडतूस बोल्टला टेकतं, खाली दबायला जागा नसते आणि खटका लागल्यासारखा वाटतो पण लागलेला नसतो. उपाय साधा आहे: क्षमतेपेक्षा एक काडतूस कमी भरायचं आणि बसवल्यावर मॅगझिन खाली ओढून पाहायचं.

वर आलं, पण नळीच्या तोंडाशी नाक आपटून थांबलं, तर दोन संशयित. मॅगझिनच्या वरच्या दोन कडा, ज्यांना कारागीर 'ओठ' म्हणतात, त्या काडतुसाला कोन देतात. मॅगझिन एकदा फरशीवर पडलं तरी ओठ वाकू शकतात, आणि मिलीमीटरभर फरक पुरतो. दुसरा संशयित म्हणजे खुद्द काडतूस. महिनोन्‌महिने भरून ठेवलेल्या मॅगझिनमध्ये प्लास्टिकचं अंग स्प्रिंगच्या दाबानं चपटं होतं. भुसावळ-जळगावचा मे महिना आठवा. पारा ४५ च्या पुढे, आणि मॅगझिन बंद गाडीत. प्लास्टिक किती काळ गोल राहील? जुन्या कागदी काडतुसांचा त्रास उलटा, ती पावसाळ्यात फुगायची.

आत गेलं, पण पूर्ण नाही, तर चेंबर गंजलेला किंवा मळलेला असतो, नाहीतर काडतुसाची लांबी चुकलेली असते. लांबीचं प्रकरण जरा फसवं आहे. ६५, ७० किंवा ७६ मिमी हा आकडा उडवल्यानंतरच्या, म्हणजे घडी उघडल्यावरच्या लांबीचा असतो. न उडवलेलं ७० मिमीचं काडतूस ६० मिमीच्या आसपासच भरतं. त्यामुळे मोठं काडतूस लहान चेंबरमध्ये बसूनही जातं, पण उडताना घडी पूर्ण उघडायला जागा नसते आणि दाब धोकादायक वाढतो. बंदुकीच्या नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते. काडतुसावरचा आकडा त्याहून मोठा नको. मॅगझिनलाही हेच लागू: लांब काडतूस पुढच्या भिंतीला घासत वर येतं.

रिकामी पुंगळी बाहेर पडलीच नाही आणि मागून दुसरं काडतूस येऊन धडकलं, हा सर्वात किचकट प्रकार. पुंगळी ओढणारी नखी झिजलेली असते किंवा तिच्यात कचरा असतो. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत आणखी एक कारण असतं. तिला मागे ढकलायला काडतुसाचाच जोर लागतो, आणि बारीक छर्‍यांच्या हलक्या काडतुसात तो पुरत नाही. म्हणून सायगासारख्या बंदुकीत गॅसची दोन मापं असतात, हलक्यासाठी एक आणि भारीसाठी एक.

पंप अॅक्शनमध्ये मात्र दोष बहुतेकदा हाताचा. घाईत पंप पूर्ण मागे ओढला जात नाही. पुंगळी अर्धी निघते, पुढचं काडतूस अर्धं येतं. जोरात मागे, जोरात पुढे, असं करावं लागतं. बंदूक जपायच्या नादात हळुवार पंप केला की ती हमखास अडकते.

दोष शोधायचा कसा?

आधी सुरक्षितता, कारण माणसं जखमी होतात ती याच टप्प्यावर. नळीचं तोंड मोकळ्या दिशेला. बोट चापापासून दूर. मग आधी मॅगझिन काढायचं, नंतर बोल्ट मागे घ्यायचा. हा क्रम उलटा झाला तर बोल्ट मागे-पुढे होताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत जातं, आणि 'रिकामी केलेली' बंदूक भरलेली राहते.

चाप ओढला आणि नुसता 'टक' आवाज आला तर लगेच उघडायची नाही. कधीकधी दारू उशिरा पेट घेते. तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा ते एक मिनिट थांबायचं. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' झालं, तर तिथंच थांबायचं. आतला बूच नळीत अडकलेला असू शकतो, आणि त्यामागे दुसरं काडतूस उडवलं तर नळी फाटते. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेलं तरी हेच होतं. ते पुढे घसरून नळीत बसतं, चेंबर रिकामा दिसतो आणि माणूस मागे १२ बोअरचं भरतो. अनेक देशांत २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाचीच करतात ती यासाठी.

बंदूक रिकामी आहे याची बोट घालून खात्री झाली, की शोध सोपा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझिनवर पेंटनं १, २ असे आकडे टाका. १ मध्ये अडकलं आणि तीच काडतुसं २ मधून नीट गेली, तर दोष मॅगझिन १ चा. दोन्हींत अडकली, तर काडतुसं बदला. तरीही तेच, तर बंदूक. प्रयोग खऱ्या काडतुसांनी घरात करायचा नाही. दारू नसलेली डमी काडतुसं याचसाठी असतात, आणि सरावालाही तीच कामाची.

मॅगझिन इतकं निर्णायक असतं का, अशी शंका असेल तर कारगिल आठवा. १९९९ मध्ये इन्सास रायफलबद्दलच्या तक्रारींत प्लास्टिकची मॅगझिन कडाक्याच्या थंडीत तडकतात ही एक ठळक तक्रार होती. चांगल्या काडतुसालाही तडकलेल्या डब्यातून वाट मिळत नाही.

घरीच घासून नीट केली तर?

इथं कायदा आडवा येतो, आणि मला वाटतं योग्यच येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी या व्यवसायालाही परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडून ओठ ठोकून घेणं किंवा तोंडाशी कानस मारून घेणं त्यालाही अडचणीत आणेल. शिवाय कानशीनं काढलेला धातू परत येत नाही.

परवानाधारकानं स्वतः करायचं ते म्हणजे सफाई. चेंबर आणि नळी ब्रशनं, मॅगझिन उघडून कोरड्या फडक्यानं. मॅगझिनच्या आत तेल नको. ते धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर काडतूस निकामी करतं. भरलेलं मॅगझिन आठवड्याला रिकामं करून काडतुसं हातात फिरवून पाहायची. चपटी झालेली, फुगलेली किंवा बुडाला हिरवट-तांबूस डाग असलेली बाजूला काढायची.

निवडणुकीच्या काळात हे विशेष आठवणीनं करावं लागतं. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, बँकांच्या रक्षकांना साधारणपणे सूट मिळते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. त्यातली विधानसभेची पावसाळा सरतानाची. आठवडेच्या आठवडे दमट खोलीत उभी राहिलेली बंदूक घरी आणून तशीच खुंटीला लावली, तर चेंबरमधला गंज पुढच्या काडतुसाची वाट पाहत बसतो.

परवानाधारक कारागिराकडे जाताना नुसती बंदूक नेऊ नका. अडकलेलं मॅगझिन, त्याच खोक्यातली काडतुसं आणि मिळाली असेल तर ओरखडे पडलेली पुंगळी सोबत न्या. ओरखडा कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर आहे, यावरून काडतूस कुठे घासलं हे त्याला दिसतं.