दिवसाला एक इंच

योसेमिटीच्या दरीत आलेला प्रत्येक जण मान वर करून चालतो. समोर कडे, धबधबे, घुमट असताना पायाखाली कोण बघणार? पण कॅलिफोर्नियातल्या या दरीतला सगळ्यात अचाट आकडा पायाखालीच पुरलेला आहे. आपण जिथे गाडी लावतो, पाइन-ओकच्या सावलीत डबा उघडतो, तो दरीचा तळ नव्हेच. भूकंपलहरींनी खोली मोजली, तेव्हा खरा खडक काही ठिकाणी २,००० फूट खाली सापडला. तेवढा खड्डा बर्फाने कोरला आणि नंतर वाळू, गोटे, गाळ यांनी तो बुजवून टाकला. वर दिसणारे कडे साधारण ३,००० फुटांचे. म्हणजे पाचातले दोन हिस्से भरलेल्या हंड्यात उभं राहून आपण काठाकडे बघत असतो.

हंडा तसा लहानच. राष्ट्रीय उद्यान ३,००० चौरस किलोमीटरच्या वर, आणि ही दरी त्याच्या एक टक्क्याहून कमी. लांबी अकरा-साडेअकरा किलोमीटर, रुंदी फार तर दीड-पावणेदोन. वर्षाला येणाऱ्या सुमारे ४० लाख लोकांपैकी बहुतेकांना मात्र इथेच यायचं असतं. जुलैतल्या शनिवारी इथे गाडी घेऊन येणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर पार्किंग शोधणं.

आमच्याबरोबर मावशी होती. मुलाकडे सॅन होजेला आलेल्या आईवडिलांना गोल्डन गेटनंतर इथेच आणतात, त्या रिवाजाप्रमाणे. एल कॅपिटन या कड्यासमोर उभी राहून ती म्हणाली, “छान आहे. पण आपल्या कोकणकड्यापुढे काय एवढं?” मी आकडे सांगू लागलो: मजल्याला दहा फूट धरले तर तीनशे मजले. बुर्ज खलिफा शेजारी ठेवला तर तो कड्याहून जवळजवळ तीनशे फूट बुटका. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग कोणीतरी दुर्बीण दिली. कड्याच्या मध्यावर एक लाल ठिपका होता, आणि तो हात हलवत होता. मावशी बराच वेळ बोलली नाही.

दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. अखंड ग्रॅनाइटला मजले नसतात, खिडक्या नसतात. पायथ्याची शंभर-दीडशे फुटी झाडं कोथिंबिरीच्या काड्यांसारखी दिसतात. माणूस दिसेपर्यंत माप लागत नाही. १९५८ साली या कड्यावर पहिल्यांदा चढाई झाली तेव्हा वॉरन हार्डिंगच्या गटाला दीड वर्षात टप्प्याटप्प्याने मिळून सुमारे ४५ दिवस भिंतीवर काढावे लागले. ३ जून २०१७ रोजी अ‍ॅलेक्स होनोल्ड दोराशिवाय, एकटा, ३ तास ५६ मिनिटांत वर पोचला. घाटात ट्रक बंद पडला की पुणे-मुंबईला तेवढा वेळ सहज लागतो.

ही दरी म्हणजे बर्फाचं काम, असं जॉन म्युर म्हणू लागला तेव्हा राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांनी त्याला उडवून लावलं. त्यांच्या मते दरीचा तळच खचला होता. आणि मेंढ्या राखून झाल्यावर लाकडाच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाचं ऐकायचं कशाला? म्युरने १८७२ मध्ये वरच्या मॅक्ल्यूर हिमनदीत खुंट ठोकले आणि त्यांची सरक मोजली. दिवसाला एक इंच. या चालीने दरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला बाराशे वर्षं लागतील. जुना बर्फ कितीतरी जाड होता, तो याहून जलद सरकला असेल. पण त्याच्या हाताशी दहा लाख वर्षं होती, घाई कुणाला होती? २०१२ मध्ये पुन्हा मोजलं तर मॅक्ल्यूर अजून दिवसाला इंचभरच चालत होती. शेजारची लायेल हिमनदी मात्र थांबली आहे. आता तो नुसता बर्फाचा साठा.

इथला खडक मात्र कधीकधी वाट बघत नाही. १० जुलै १९९६ रोजी हॅपी आइल्सच्या वरून सुमारे ३०,००० घनमीटर ग्रॅनाइट सुटलं. ते खाली आदळलं तेव्हा दाबली गेलेली हवा सेकंदाला ११० मीटरहून जास्त वेगाने सुटली आणि हजारेक झाडं आडवी झाली. एक माणूस गेला.

हाफ डोम या घुमटाला मी फक्त लांबून नमस्कार केला. तो दरीतून जवळजवळ १,४५० मीटर उठतो. सिंहगड समुद्रापासून मोजला तरी १,३१२च भरतो. आणि नाव फसवं: ‘अर्धा’ म्हणतात, पण मूळ घुमटाचा सुमारे ऐंशी टक्के भाग जागेवरच आहे.

दुसऱ्या दिवशी मॅरिपोसाच्या राईत गेलो. पाचशेहून जास्त थोराड सिक्वोया, त्यात ‘ग्रिझली जायंट’चं वय सुमारे तीन हजार वर्षं. मावशी त्याच्याभोवती फिरून आली, वर बघितलं नाही, खाली बघत राहिली. शंकू लिंबाएवढा असतो, बी ओटच्या पोह्याएवढं. एका किलोत दोन लाख बिया मावतात.

“म्हणजे पावशेरात पन्नास हजार झाडं,” मावशी म्हणाली आणि एक शंकू उचलायला वाकली. मी थांबवलं. इथून काही न्यायची बंदी आहे. तिने तो जिथे होता तिथेच, टोक त्याच दिशेला करून ठेवला.