इंडस्ट्रियल झोनमधले राहिलेले गुपित

'डूम २' या खेळात लेव्हल संपली की पडद्यावर हिशेब मांडला जातो. किती राक्षस मारले, किती वस्तू उचलल्या, किती गुपिते सापडली, तिन्हींची टक्केवारी. खेळ आला १९९४ साली. त्याची पंधरावी लेव्हल 'इंडस्ट्रियल झोन' जॉन रोमेरो यांनी रचली आहे. त्या लेव्हलच्या गुपितांच्या रकान्यात शंभर टक्के हा आकडा चीट कोड न वापरता आणून दाखवायला २०१८ साल उजाडावे लागले.

इतकी वर्षे लागली, पण गुपित कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. नकाशे उघडून दाखवणारे प्रोग्राम खेळापाठोपाठ आलेच होते. २३ डिसेंबर १९९७ रोजी आयडी सॉफ्टवेअरने 'डूम'चा सोर्स कोडही खुला केला. शिवाय 'आयडीक्लिप' ही अक्षरे टाइप केली की भिंतीतून आरपार जाता येते, त्यामुळे ज्याला हवे त्याने ती जागा पाहून घेतली होती. राहिले होते ते तिथे खेळून पोहोचणे. माझ्या मते खरी कसोटी तीच आहे.

याच कंपनीच्या १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी'त याचा दाखला आहे. दुसऱ्या भागाच्या आठव्या मजल्यावर सरकत्या भिंतींचा एक भुलभुलैया होता आणि आत पाटी होती: अॅपोजी कंपनीला फोन करा आणि 'आर्डवुल्फ' म्हणा. ती स्पर्धेसाठी ठेवलेली खूण होती. पण नकाशे दाखवणारे आणि चीट करू देणारे प्रोग्राम इतक्या लवकर पसरले की स्पर्धा सोडून द्यावी लागली. जे चालत जाऊन सापडायचे ते नकाशात बघून कोणीही सांगू लागला, तेव्हा बक्षीस द्यायचे कशाला?

'डूम'मध्ये गुपित म्हणजे काय, ते आधी पाहू. नकाशा जमिनीच्या तुकड्यांचा बनलेला असतो. त्यांना सेक्टर म्हणतात. ज्या सेक्टरवर ९ हा क्रमांक नोंदलेला असेल, त्याच्या जमिनीवर खेळाडू टेकला की गुपितांचा आकडा एकने वाढतो आणि तो ९ पुसला जातो, म्हणजे पुन्हा मोजणी होत नाही. तुम्ही दारातून आलात, खिडकीतून की कशाच्या धक्क्याने, याची खेळ चौकशी करत नाही.

इंडस्ट्रियल झोनमधला तो सेक्टर टेलिपोर्टरच्या आत आहे. टेलिपोर्टरची रेघ ओलांडली की खेळाडू नकाशात दुसरीकडे जाऊन पडतो, त्यामुळे मोजणी व्हायच्या आतच तो तिथून उचलला जातो.

मग खेळाच्या यंत्रणेतच फट शोधायची. 'डूम'चा वेग वाढवण्याच्या युक्त्या अशाच फटींतून निघाल्या आहेत. पुढे आणि बाजूला एकाच वेळी धावले, तर दोन्ही वेग बेरजेत येतात, कारण तिरप्या चालीचा वेग आवरण्याची तरतूदच केलेली नाही. त्याचे सर्वांत टोकाचे रूप साध्या धावेपेक्षा सुमारे ४१ टक्के वेगवान आहे. ग्लाइड ही युक्ती तर मला थक्क करते. खेळाडूची रुंदी ३२ एकक. तेवढ्याच रुंद फटीतून तो जाऊ नये, कारण कडा टेकल्या तरी टक्कर धरली जाते. पण एका एककाचे ६५,५३६ भाग धरून जागा मोजली जाते, आणि नेमक्या भागावर अंग आणले की तो निसटून पलीकडे जातो.

याहून विलक्षण गोष्ट दिशेची आहे. खेळ सेकंदाला ३५ वेळा हिशेब करतो. एका वेळची हालचाल १५ एककांहून मोठी असेल, तर तिचे दोन तुकडे करून मध्ये टक्कर तपासायची, असा नियम आहे. पण कोडमधली तुलना फक्त धन आकड्यांची आहे. त्यामुळे पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे धावताना तुकडे होतात, पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे धावताना होत नाहीत. त्या जगात दिशादिशांचे भौतिकशास्त्र वेगळे आहे! हे कोणी ठरवून केले नव्हते, पण खेळात ते गुरुत्वाकर्षणाइतकेच खरे आहे. म्हणूनच अशा गोष्टींना नुसती चूक म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

धक्क्याचा उपयोग तर पहिल्या 'डूम'मध्येच होता. तिसऱ्या भागातल्या 'माउंट एरेबस'ची गुप्त वाट रॉकेटच्या स्फोटाने स्वतःला मागे फेकून गाठता येते.

२०१८ मध्ये 'झिरो मास्टर' या नावाने खेळणाऱ्या स्पीडरनरने पंधराव्या लेव्हलमध्ये धक्काच वापरला, पण तो शत्रूचा. पेन एलिमेंटल हा तरंगणारा, एकडोळ्या, तोंडातून जळती मुंडकी सोडणारा राक्षस. एरवी त्याला दिसताक्षणी मारायचे. झिरो मास्टरने त्याला जिवंत ठेवून त्याच्याकडून स्वतःला ढकलून घेतले, टेलिपोर्टरने उचलण्याआधी गुपिताची नोंद झाली आणि टक्केवारी शंभरावर गेली.

रोमेरोंनी ट्विटरवर जाहीर अभिनंदन केले. 'डूम २'च्या शेवटच्या लढतीत राक्षसी चेहऱ्यामागे खुद्द रोमेरोंचे मुंडके दडवलेले आहे, आणि खेळ जिंकायचा तर मला मारा, असे सांगणारा त्यांचा उलटा वाजणारा आवाज तिथे ऐकू येतो. अभिनंदन करताना त्यांनी तेच वाक्य फिरवले आणि पंधराव्या लेव्हलमध्ये शंभर टक्के मिळवण्याची अट घातली.

अशा दाव्यांचा पुरावा 'डूम'मध्ये नेहमी डेमो फाइलने दिला जातो. तिच्यात चित्रफीत नसते. प्रत्येक क्षणासाठी अवघे चार बाइट असतात: पुढे-मागे किती, बाजूला किती, वळण किती, कोणती बटणे. बाकीचे सगळे खेळाने स्वतः पुन्हा घडवायचे. राक्षस त्याच जागी, त्याच तालावर यायला हवेत, नाहीतर धाव भलतीकडे भरकटते.

म्हणून जुना 'डूम' आजच्या संगणकांवर चालवणाऱ्यांपुढे एक वेगळे काम येते. दोष काढून टाकला की जुन्या धावा मोडतात. 'चॉकलेट डूम' हा प्रोग्राम मूळ खेळातले दोष मुद्दाम जसेच्या तसे ठेवतो. इतर काही प्रोग्राममध्ये 'डूम २'चे मूळ वागणे निवडण्याची सोय असते. तिथे पश्चिमेकडची धाव आजही न तुटता एका पावलात मोजली जाते.