विकतचा वारा, फुकटचा वारा

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला हवा किती लागते? जवळपास नऊ हजार लिटर! वजनात सांगायचं, तर एका किलो पेट्रोलमागे 14.7 किलो हवा. पंपावर आपण पैसे मोजतो ते पेट्रोलचे, पण इंजिनाची मोठी भूक असते ती हवेची. पेट्रोल वाढवणं सोपं असतं, इंजेक्टर क्षणभर जास्त उघडा ठेवला की झालं. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच शिरते. त्यामुळे लहान इंजिनाकडून मोठं काम करून घ्यायचं, तर हवा ठासून भरण्यावाचून गत्यंतर नाही.

ठासण्याच्या दोन रीती फार जुन्या आहेत. पहिली सुपरचार्जरची. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्यांच्या यंत्रातले एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर आजही गाड्यांमध्ये दिसतात. क्रँकशाफ्टवरून पट्टा येतो आणि रोटर फिरवतो. इंजिन फिरलं की तेही फिरणार, म्हणून ॲक्सिलरेटर दाबताक्षणी वारा हजर. मात्र हा वारा विकतचा आहे. रोटर फिरवायला लागणारी ताकद इंजिन स्वतःच्याच कमाईतून देतं, आणि वेग वाढेल तशी ही वसुली वाढत जाते.

दुसरी रीत टर्बोची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. ब्यूखी यांनी त्या धुराच्या वाटेत चाक बसवलं आणि त्याच दांड्यावर पलीकडे हवा दाबणारं दुसरं चाक. हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं आणि त्यासाठी क्रँकशाफ्टकडून काहीच मागत नाही. अडचण एवढीच, की इंजिन सावकाश फिरत असतं तेव्हा धूरही थोडा असतो. घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडायला पाय दाबावा आणि गाडीने क्षणभर विचार करत बसावं, तो हाच टर्बो लॅग.

म्हणजे एकाचा दोष नेमका तिथे, जिथे दुसऱ्याचा गुण. मग दोघांना एकाच इंजिनावर बसवलं तर?

1985 साली इटलीच्या लान्चियाने रॅलीसाठी डेल्टा एस4 आणली ती अशीच. इंजिन फक्त 1759 सीसीचं. हा आकडा सहज आलेला नाही. स्पर्धेच्या नियमानुसार हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाची क्षमता 1.4 ने गुणून धरली जाई. 1759 गुणिले 1.4 म्हणजे सुमारे 2463, अडीच हजारांच्या गटात अगदी कडेला बसणारी! आणि एक चार्जर लावा की दोन, गुणक तोच. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनच्या आरएसी रॅलीत ही गाडी उतरली आणि पदार्पणातच हेन्री टोइव्होनेनने ती जिंकून दाखवली. साडेचारशेहून अधिक अश्वशक्ती, आणि ती वळणातून बाहेर पडताना लगेच हाताशी. पण 2 मे 1986 रोजी कॉर्सिकातल्या रॅलीत हीच गाडी दरीत कोसळून पेटली आणि टोइव्होनेन व त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. टोइव्होनेन 29 वर्षांचा होता. ही गाडी ज्या ग्रुप बी गटात धावत होती, तो गटच 1987 पासून जागतिक स्पर्धेतून काढून टाकण्यात आला.

मला मात्र लान्चियाहूनही जास्त थक्क करतं ते 2005 चं फोक्सवॅगनचं 1.4 लिटर इंजिन. ते रॅलीसाठी नव्हतं, गोल्फसारख्या घरच्या गाडीत बसवलेलं होतं. 1390 सीसीतून 170 अश्वशक्ती! त्यात सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या पाचपट वेगाने फिरतो. इंजिनाच्या मिनिटाला 2400 फेऱ्यांपर्यंत, जोर हवा असेल तेव्हा, तो कामावर असतो. तिथून 3500 पर्यंत एकदम वेग घ्यायचा झाला तरच त्याला हाक जाते. 3500 ला तो स्वतः 17,500 फेरे घेत असतो. त्यापुढे विद्युत चुंबकाचा क्लच त्याला पूर्ण सोडवतो, एक झडप उघडते आणि हवा थेट टर्बोकडे वळते. आता वसुली थांबली, सगळा वारा फुकटचा.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढेच आहे. दोन्ही यंत्रं एकामागोमाग असल्यामुळे त्यांच्या दाबांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एकाने हवा दीडपट दाबली आणि दुसऱ्याने ती दाबलेली हवा पुन्हा दीडपट दाबली, तर होते सव्वादोन पट. शिवाय सुपरचार्जरमुळे सुरुवातीलाच जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त धूर, आणि त्या धुराने टर्बो लवकर जागा होतो. आपल्या जागी येणाऱ्याला सुपरचार्जर स्वतःच तयार करतो! चालकाला यातलं काहीही कळू नये, म्हणून सुपरचार्जरच्या शिट्टीसारख्या आवाजावर फोमचं वेष्टणही चढवलं होतं.

इतकं सगळं जमूनही ही जोडी फार पसरली नाही. दोन चार्जर, क्लच, झडपा, जास्तीचा पट्टा यांचा खर्च मोठा, आणि दरम्यान टर्बो लहान, हलके व चपळ होत गेले. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगनचीच पोलो जीटी टीएसआय आपल्याकडच्या अनेकांनी चालवली आहे. तिच्या 1.2 लिटर इंजिनाला एकटा टर्बो पुरला.

पट्टा गेला तरी कल्पना राहिली. 2016 च्या ऑडी एसक्यू7 डिझेलमध्ये टर्बोंच्या जोडीला विजेच्या मोटरवर चालणारा कॉम्प्रेसर आहे. धुराची वाट न पाहता, पाव सेकंदाच्या आत तो मिनिटाला 70,000 फेऱ्यांचा वेग गाठतो.